नगरसेवकाच्या वागणुकीविरुद्ध तक्रार कशी करावी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

माझी पहिली तक्रार चार पानांची होती. गटाराचं रखडलेलं काम, कार्यकर्त्यांनी अडवलेला रस्ता, नगरसेवकाने न उचललेले फोन, वर्गणीसाठी झालेली दमदाटी, सगळं एकाच अर्जात होतं. दोन महिन्यांनी चौकशीला गेलो तेव्हा अर्जावर शेरा होता, "दप्तरी दाखल". म्हणजे कागद फाइलला लागला आणि विषय संपला. नंतर शांतपणे अर्ज वाचला तेव्हा लक्षात आलं, की तो कोणत्या विभागाकडे पाठवायचा हे वाचणाऱ्याला समजायला मार्गच नव्हता. दुसऱ्या वेळी फक्त दमदाटीबद्दल एक पान लिहिलं. तारीख, वेळ, कोण काय बोललं, तिथे कोण उभं होतं, एवढंच. ते पोलीस ठाण्यात दिलं आणि आठवड्याभरात जबाबासाठी बोलावणं आलं.

तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक अर्ज घेऊन येतात आणि प्रत्येकाला मी एकच सांगतो. एका अर्जात एकच घटना, तिला लागू पडणारं एकच कलम, आणि त्या कलमाचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याचंच कार्यालय. हा लेख त्याच क्रमाने जातो. महाराष्ट्रातल्या महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी तो लिहिला आहे. ग्रामपंचायतीबद्दल मध्ये थोडक्यात सांगितलं आहे.

काम होत नाही, की वागणूक वाईट आहे?

पाणी येत नाही, कचरा साचलाय, दिवे बंद आहेत, या तक्रारी महापालिकेच्या खात्यांच्या आहेत. नगरसेवक त्या खात्यांचा साहेब नसतो. प्रशासन चालतं ते आयुक्तांच्या किंवा नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली. तेव्हा असा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या, 'आपले सरकार' पोर्टलवर टाका, वॉर्ड ऑफिसरला भेटा. नगरसेवक भेटत नाही, आश्वासन पाळत नाही, फक्त ठरावीक गल्लीतच कामं करतो, हे चीड आणणारं आहे. पण त्यावरून कोणाचं पद जात नाही. त्याचं उत्तर मतपेटीतूनच द्यावं लागतं.

वागणुकीची तक्रार वेगळी. कामासाठी पैसे मागितले. धमकी दिली, अंगावर धावून आला. बेकायदा बांधकाम केलं किंवा दुसऱ्याचं वाचवलं. महापालिकेच्या ठेक्यात स्वतःची भागीदारी ठेवली. पदाचा वापर करून एखाद्याची नळजोडणी किंवा परवाना अडवून ठेवला. यांतल्या प्रत्येकाला कायद्यात जागा आहे आणि प्रत्येकाचं कार्यालयही वेगळं आहे.

"आचारसंहितेचा भंग झाला" असं लोक अर्जात हमखास लिहितात. आपण रोज ऐकतो ती आचारसंहिता निवडणुकीच्या काळापुरती असते. निकाल लागल्यावर तो शब्द अर्जात घालून उपयोग नाही. कायद्यातले शब्द आहेत "कर्तव्य पार पाडताना गैरवर्तन" आणि "लांच्छनास्पद वर्तन", तेच वापरा.

नेमका कोणता नगरसेवक?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण इथेच बरेच अर्ज अडतात. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक असतो. इतर महापालिकांत बहुसदस्य प्रभाग असल्यामुळे एकाच प्रभागाचे तीन-चार सदस्य असू शकतात आणि त्यांच्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात. "आमच्या प्रभागाचे नगरसेवक" असं लिहिलंत की चौकशी तिथेच गोंधळते. पूर्ण नाव, प्रभाग क्रमांक आणि जागेचं अक्षर लिहा. ही यादी महापालिकेच्या संकेतस्थळावर असते आणि नगरसचिव कार्यालयातही मिळते. स्वीकृत नगरसेवकही कायद्याने सदस्यच असतात. तो निवडून आलेला नाही म्हणून तक्रार होत नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण अर्जात कोणी लिहीत नाही. पदावर असते नगरसेविका आणि कारभार करतात तिचे पती किंवा दीर. पैसे मागणारा, दम देणारा तोच. पालिकेच्या कायद्याने सदस्यावर कारवाई होते, नवऱ्यावर नाही. म्हणून पतीविरुद्धची तक्रार पोलिसांकडे किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे करा. नगरसेविकेविरुद्धच्या अर्जात ती व्यक्ती तिच्या लेटरहेडवर, तिच्या कार्यालयात बसून, तिच्या नावाने काय करते हे नेमकं मांडा. सही तिची आणि बोलणं त्याचं, असा एखादा कागद हाती असेल तर तो सगळ्यात मोलाचा.

मागच्या मुदतीतली गोष्ट असेल तरी लगेच सोडून देऊ नका. नगरपरिषदांच्या कायद्यात लगतच्या आधीच्या कार्यकाळातलं लांच्छनास्पद वर्तनही धरलं जातं. २०२२ पासून बऱ्याच शहरांत दीर्घकाळ प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात "माजी नगरसेवक" म्हणून केलेल्या गोष्टींना मात्र हे कलम लावणं अवघड आहे. तिथे गुन्हा असेल तर पोलीस हाच मार्ग.

कोणता कायदा आणि कोणाकडे जायचं

मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. राज्यातल्या बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. अर्जाच्या विषयात यांतला चुकीचा कायदा लिहिला तर सुरुवातीलाच बाजू लंगडी पडते.

नगरपरिषदेच्या रहिवाशाचं काम त्यामानाने सोपं आहे. सदस्य अनर्ह, म्हणजे पदासाठी अपात्र, ठरला का, हा निर्णय कलम ४४ खाली जिल्हाधिकारी देतात आणि तसा अर्ज कोणीही व्यक्ती करू शकते. त्यासाठी दुसऱ्या नगरसेवकाची मदत लागत नाही. गैरवर्तनासाठी पदावरून दूर करण्याची तरतूद कलम ४२ मध्ये आहे. शासन ते स्वतःहून करू शकतं किंवा परिषदेच्या शिफारशीवरून. व्यवहारात मी असं सांगेन: अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने करा, प्रत नगरविकास विभागाच्या प्रधान सचिवांना आणि मुख्याधिकाऱ्यांना द्या.

महापालिकेत वाट वळणाची आहे. अनर्हतेची कारणं कलम १० मध्ये आहेत, गैरवर्तनासाठी पदावरून दूर करण्याचं कलम १३ आहे. अनर्हतेबद्दल वाद झाला तर कलम १२ प्रमाणे तो न्यायाधीशाकडे जातो, पण तिथे प्रश्न नेण्याचा हक्क नगरसेवकांना, आणि महापालिकेने सांगितल्यास आयुक्तांना आहे. सामान्य नागरिकाचं नाव त्यात नाही. मुंबईत हाच वाद लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे जातो. म्हणून महापालिकेच्या हद्दीतल्या नागरिकाने अर्ज आयुक्तांकडे द्यावा, प्रत नगरसचिवांना आणि नगरविकास विभागाला द्यावी, आणि शक्य असेल तर सभागृहातल्या एखाद्या दुसऱ्या नगरसेवकाला विषय समजावून सांगावा. विरोधी पक्षाच्या नगरसेवकाकडे जाण्यात कमीपणा नाही. मात्र आपली कागदपत्रं मूळ स्वरूपात कोणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या.

गावात राहत असाल तर कायदा १९५९ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. कलम १४ आणि १६ खालचा अनर्हतेचा अर्ज कोणीही जिल्हाधिकाऱ्यांकडे करू शकतं आणि त्याचा निकाल शक्यतो ६० दिवसांत द्यायचा असतो. सरपंच किंवा सदस्याच्या गैरवर्तनासाठी कलम ३९ आहे. तिथे चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा असतो.

पक्षांतर, जात पडताळणी, तिसरं अपत्य यांवरूनही पद जातं. पण ते पात्रतेचे वाद आहेत, वागणुकीचे नाहीत. ते वागणुकीच्या अर्जात मिसळू नका.

बेकायदा बांधकाम: इथे नागरिकाचा हात सगळ्यात भक्कम असतो

महापालिका अधिनियमाच्या कलम १० च्या (१डी) उपकलमात लिहिलं आहे, की नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्तीने अनधिकृत बांधकाम केलं, किंवा नगरसेवक म्हणून अशा बांधकामाला मदत केली, तर तो उरलेल्या मुदतीसाठी अनर्ह होतो. मुंबईच्या आणि नगरपरिषदांच्या कायद्यांतही अशीच तरतूद आहे. त्याच उपकलमाचा पुढचा भाग लोकांना माहीत नसतो. बांधकाम पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्राने किंवा प्रत्यक्ष अडवलं, अडवण्याचा नुसता प्रयत्न केला, तरीही हेच लागू होतं.

लेखी पत्राने! नगरसेवकांच्या लेटरहेडवर "सदर बांधकामावर कारवाई करू नये" अशी पत्रं अतिक्रमण विभागात येत असतात, आणि ती त्या बांधकामाच्या फाइलमध्ये लागलेली असतात. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि त्यात असं लिहा: "प्रभाग क्रमांक अमुक, अमुक इमारतीतील बांधकामाबाबत बजावलेल्या सर्व नोटिसा, पंचनामे, कारवाईसाठी ठरवलेल्या तारखा, कारवाई न होण्याची नोंदवलेली कारणे, आणि या बांधकामाबाबत कार्यालयास प्राप्त झालेली सर्व पत्रे यांच्या साक्षांकित प्रती." "नगरसेवकाने दबाव आणला का?" असा प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतात, मत मिळत नाही.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा असावा लागतो. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे वेळ लागतो, तेव्हा पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहा. समोर बसून मागितलेली फाइल पुष्कळदा तिथेच निघते.

बांधकाम अनधिकृत आहे हे ठरवणारी नोटीस, म्हणजे नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम २६० ची, हा सगळ्याचा पाया आहे. ती नसेल तर आधी बांधकामाविरुद्ध तक्रार करून ती निघेपर्यंत थांबा. ती निघण्याआधीच नगरसेवकाच्या अनर्हतेचा अर्ज केला तर तो हवेत राहतो.

ठेक्याबद्दल एक सावधगिरी. कायद्यात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदारामार्फत असलेला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध धरला आहे. मेहुण्याच्या नावावर ठेका आहे एवढ्याने तो सिद्ध होत नाही. पैसा फिरून नगरसेवकाकडे येतो, फर्मच्या भागीदारी पत्रात त्याचं नाव आहे, असं काही कागदावर दाखवावं लागतं. तसं काही हाती नसेल तर आज अर्ज करू नका, आधी निविदा आणि करारनाम्याच्या प्रती मागवा.

पैसे मागितले तर

इथे आयुक्तांकडे जाऊन वेळ घालवू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे आणि फोन केल्यावर काय करायचं ते विभागाचे लोकच सांगतात. नगरसेवक "लोकसेवक" आहे का, अशी शंका अजूनही ऐकू येते. राजस्थानातल्या एका नगरसेवकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं, की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली नगरसेवक लोकसेवक आहे.

पैसे देण्याआधी जाणं सगळ्यात चांगलं. विभाग आधी मागणीची पडताळणी करतो. तुम्हाला रेकॉर्डर देऊन पंचासमोर पुन्हा बोलायला लावतात. मागणी खरी निघाली तर सापळा लावतात. सापळ्यात वापरलेली तुमची रक्कम शासन नंतर परत करतं.

पैसे देऊन झाले असतील तर मात्र दिवस मोजा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. पण तुम्हाला ते देणं भाग पाडलं गेलं असेल आणि तुम्ही सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर तुमच्यावर तो गुन्हा लागत नाही. "बघू, आधी काम होतंय का" म्हणत पंधरा दिवस काढणारा माणूस स्वतःचंच संरक्षण गमावून बसतो. मी हे दोघांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलं आहे आणि दोघांनाही शेवटी गप्प बसावं लागलं.

धमकी, शिवीगाळ, मारहाण

जिवाला धोका वाटत असेल तर ११२. बाकी पोलीस ठाणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंड संहितेची कलमं पाठ असतील तर ती अर्जात लिहू नका. धमकीचं कलम आता ३५१ आहे, खंडणीचं ३०८. खरं तर कलम लिहिणं तुमचं काम नाही. काय घडलं ते नीट लिहिलंत की पुरे.

ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, शहरात आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, तेव्हा वकील घ्या. गुन्हा नोंदवला तर त्याची प्रत तुम्हाला मोफत मिळते, ती मागून घ्याच. जातीवरून चारचौघांत अपमान केला असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. ते शब्द जसेच्या तसे जबाबात आले पाहिजेत. बोलायला जड जातं, पण "जातिवाचक शिवीगाळ केली" एवढंच लिहिल्याने खटला कमजोर होतो.

पुरावा जमवताना

घटना घडली त्याच रात्री वहीत लिहून काढा. चार दिवसांनी आठवणीत भर पडते आणि उलटतपासणीत तीच भर अडचणीची होते. व्हिडिओ असेल तर तो ज्या फोनवर काढला तो फोन जपा, व्हिडिओला कात्री लावू नका, वर मजकूर चिकटवू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते देणं सोपं जातं. व्हॉट्सॲपवर फिरत आलेली क्लिप ही फार तर दिशा दाखवते, पुरावा म्हणून तिच्यावर विसंबू नका. ज्याने ती काढली तो माणूस शोधा.

साक्षीदारांकडून एका कागदावर, त्यांच्याच शब्दांत, सहीनिशी दोन-चार ओळी लिहून घ्या. पन्नास सह्यांच्या निवेदनापेक्षा प्रत्यक्ष पाहणाऱ्या दोघांचं म्हणणं चौकशीत जास्त कामाला येतं. सह्यांचं निवेदन वर्तमानपत्रात शोभतं.

अर्ज

एक नमुना दाखवतो. रिकाम्या जागा आपापल्या भरा.

"विषय: प्रभाग क्र. ___ (जागा ब) चे सदस्य श्री. ___ यांनी अनधिकृत बांधकामावरील कारवाईस अडथळा केल्याबाबत, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम कलम १० (१डी) अन्वये कार्यवाही होणेबाबत.

महोदय, मंगळवार दि. ___ रोजी सकाळी ११.२० च्या सुमारास अतिक्रमण विभागाचे पथक ___ इमारतीच्या तळमजल्यावरील वाढीव शेड काढण्यासाठी आले होते. या शेडला दि. ___ रोजी कलम २६० ची नोटीस बजावलेली आहे (प्रत सोबत). त्या वेळी श्री. ___ तेथे आले व जेसीबीसमोर उभे राहून 'एक पत्रा काढायचा नाही' असे पथकप्रमुखांना म्हणाले. हे मी इमारतीच्या फाटकातून स्वतः पाहिले व ऐकले. ११.५० वाजता पथक कारवाई न करता परत गेले. श्री. ___ व श्रीमती ___ हे दोघे तेव्हा हजर होते, त्यांची निवेदने सोबत आहेत. या घटनेची चौकशी करून वरील कलमान्वये कार्यवाही करावी व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी द्यावी, ही विनंती."

यात "गुंड", "भ्रष्ट", "जनतेचा विश्वासघात" असा एकही शब्द नाही. "मी स्वतः पाहिले व ऐकले" हे वाक्य मात्र आहे आणि अख्ख्या अर्जाचा भार त्याच वाक्यावर आहे. जे दुसऱ्याकडून कळलं ते लिहायचं असेल तर कोणाकडून कळलं तेही लिहा. मागणी शेवटी, एका वाक्यात. "कठोरात कठोर शिक्षा व्हावी" लिहून काही साधत नाही.

खरं नाव, पत्ता, सही हवीच. निनावी अर्जावर क्वचितच काही होतं. एकट्याने नाव द्यायची भीती वाटत असेल तर सोसायटीने किंवा मंडळाने ठराव करून सचिवाच्या सहीने अर्ज द्यावा.

"अब्रुनुकसानीचा दावा टाकीन" ही धमकी ठरलेली असते. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्येच अपवाद दिला आहे: अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. म्हणजे आयुक्तांना दिलेला अर्ज आणि तोच मजकूर फेसबुकवर, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. निकाल लागेपर्यंत अर्ज समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि खोटी माहिती देऊन लोकसेवकाला कारवाईला लावणं हा गुन्हा आहे, तेव्हा जे माहीत आहे तेवढंच लिहा.

अर्ज देताना आणि दिल्यावर

दोन प्रती न्या. आवक-जावक विभागात, काही ठिकाणी त्याला बारनिशी म्हणतात, एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. नुसता शिक्का मारून कागद परत सरकवतात, तेव्हा खिडकीसमोरून हलू नका. "साहेब, आवक क्रमांक टाका ना" असं म्हणा. तो क्रमांक नसेल तर पुढे तुमचा अर्ज शोधायला कोणीच उठत नाही. "साहेबांना आधी दाखवून या" असं सांगून घ्यायला टाळाटाळ केली तर वाद घालू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच मिळाल्याची नोंद छापून ठेवा.

महिन्याने स्मरणपत्र द्या, त्यात मूळ आवक क्रमांक आणि तारीख. त्यानंतरही शांतता असेल तर आपल्याच अर्जावर माहिती अधिकार टाका: "माझ्या आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुकच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी." पडून असलेली फाइल या एका अर्जाने हललेली मी अनेकदा पाहिली आहे, कारण टिप्पणीत काहीतरी लिहावंच लागतं. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे नगरसेवकाची तक्रार नव्हे, तर "माझा अर्ज अमुक इतके दिवस पडून आहे" ही प्रशासनाची तक्रार मांडा.

चौकशी लागली तर

नगरसेवकाला नोटीस जाईल, त्याचा खुलासा घेतला जाईल, सुनावणी होईल. याला वेळ लागतो आणि तो लागायलाही हवा. निवडून आलेल्या माणसाला पदावरून काढणं म्हणजे त्याला मत देणाऱ्यांचाही निर्णय फिरवणं असतं. उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शासनाचा आदेश रद्द केला तो याच कारणाने. पद्धत काटेकोरपणे पाळली पाहिजे आणि आरोप गंभीर व सिद्ध असला पाहिजे, किरकोळ अनियमितता पुरत नाही. तुमचा अर्ज ढिसाळ असेल आणि घाईत आदेश निघाला, तर तो उच्च न्यायालयात टिकत नाही आणि नगरसेवक हार घालून परत येतो.

सुनावणीला मूळ कागद, त्यांच्या झेरॉक्स आणि तारखांचा एक पानाचा तक्ता न्या. विचारलं तेवढंच बोला. जबाबावर सही करण्याआधी पूर्ण वाचा आणि न बोललेलं काही आलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

नोटीस गेल्याच्या दोन-चार दिवसांत बहुतेक वेळा कोणीतरी घरी येतं. ओळखीचाच माणूस असतो, कधी नात्यातला. "दादा, समजुतीने घेऊ, तुमचं काम करून देतो, तो कागद मागे घ्या." चहा द्या, ऐकून घ्या, पण कोऱ्या किंवा आधीच टाइप केलेल्या कागदावर सही करू नका. "माझं म्हणणं मी लेखी दिलंय, आता जे सांगायचं ते तिथेच सांगेन" एवढं बोला. कोण आलं, कधी, काय म्हणालं, हे त्याच वहीत लिहा. दम दिला असेल तर ती नवी घटना आहे, तिची वेगळी तक्रार, त्याच दिवशी, पोलीस ठाण्यात. आणि तुमचं अडलेलं काम खरंच झालं तरी अर्ज मागे घ्यायचा की नाही हे घरच्यांशी बोलून दोन दिवसांनी ठरवा. घ्यायचाच असेल तर मागे घेण्याचं कारण स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्याचीही पोहोच घ्या.